सात ते चव्वेचाळीस

पिनर,
१२ जानेवारी २०२५

ती. वरदाताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि तिळाच्या वड्या दोन्ही मिळाली. वड्या मालविकाने पाहायच्या आत निम्म्या संपल्या, हे तिला कळवू नये. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, तेव्हा आपल्या दोघांना टपालच बरं.

सुमनला जाऊन उद्या दोन महिने होतील. आईचे कपडे मालविकाने नेले, औषधं फार्मसीत परत केली. आता राहिली ती वरची बॉक्सरूम, म्हणजे सुमनची विमानं. तुमच्या बहिणीने निवृत्तीआधी पंचवीस वर्षं डेंटल लॅबमध्ये लोकांचे दात रंगवले आणि घरी येऊन जुन्या काळची दोन पंखी विमानं रंगवली. खोक्यात प्लास्टिकचे तुकडे येतात, ते जोडायचे, रंग द्यायचा, वरच्या आणि खालच्या पंखामध्ये केसाएवढ्या बारीक तारा ओढायच्या. तारेसाठी ती प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ताणायची. एवढंच मला माहीत. मी त्या खोलीत चहाचा कप ठेवायला जात असे आणि परत फिरत असे.

हॅरोच्या मॉडेल क्लबचे कीथ नावाचे गृहस्थ शनिवारी, २५ तारखेला, सगळी न्यायला येणार आहेत. ते फार हळहळले, म्हणाले की असं काम त्यांनी पाहिलेलं नाही. तुम्हाला एखादं हवं असेल तर बाजूला ठेवतो.

एक सांगतो, हसू नका. दुपारी साडेतीनच्या सुमारास, उजेड जायला लागतो तेव्हा, वरून तिच्या रंग फवारायच्या पंपाची घरघर ऐकू येते. मी डॉक्टर माणूस, बॉयलर असणार हे मला कळतं. तरी वर जातो. पंपाचा प्लग काढलेला असतो. खोलीत टर्पेंटाइनचा वास ताजा असतो आणि खाली आलो की तो माझ्या स्वेटरला येतो. काल तिचा टेबलवरचा दिवा लागलेला होता. मीच लावला असेन.

हाताची थरथर वाढली आहे. बाकी ठीक. लोभ आहे, तो राहू द्यावा.

आपला,
शशिकांत

---

बेसिंगस्टोक,
१७ जानेवारी २०२५

श्री. शशिकांतराव यांस,
स. न. वि. वि.

वड्यांचं मालूला मी कळवलं आहे. शहात्तराव्या वर्षी साखर चोरून खाणाऱ्या डॉक्टरला कुणीतरी बोलायला हवं.

आमच्याकडे बरं आहे. स्वानंद घरून काम करतो, म्हणजे दिवसभर कानाला यंत्र लावून भिंतीशी बोलतो. मीही कानाला यंत्र लावते, पण माझ्याशी कुणी बोलत नाही. आम्ही मायलेक एका घरात असे राहतो.

आता मुद्द्याचं. विमानं २५ तारखेला देऊ नका. त्या क्लबवाल्याला पुढची तारीख द्या, कारण काहीही सांगा. आणि त्याआधी एका दुपारी भरपूर उजेड असताना सुमनचं भिंग घेऊन कपाटासमोर खुर्ची टाका आणि एकेक विमान नीट बघा. पंख नाही, आत बसलेला माणूस बघा.

मी याहून जास्त लिहिणार नाही. मी सुमनला शब्द दिला होता की तुम्हाला आपणहून काही सांगणार नाही. पण न बघता देऊन टाकू द्यायचं, असा काही शब्द मी दिलेला नव्हता. एकदा मी तिला विचारलं होतं की शशिकांतरावांना हे दाखवलंस का. ती म्हणाली, कपाटाला काच आहे, कुलूप नाही, त्यांना बघायचं तेव्हा बघतील.

पंपाच्या घरघरीबद्दल मी हसले नाही. आमच्याकडे इथे सुमन कधी राहायला आली नाही, तरी परवा स्वयंपाकघरात तिने मला हाक मारली. मी यंत्र काढून ठेवलेलं होतं.

जपा. आणि कळवा.

वरदा

---

पिनर,
२४ जानेवारी २०२५

ती. वरदाताईंस,
शि. सा. न. वि. वि.

बघितलं.

मंगळवारी सकाळी दहाला बसलो, उठलो तेव्हा तीन वाजून गेले होते. अडतीस विमानं आहेत. प्रत्येकाच्या लाकडी पाटाखाली तिने पेन्सिलने एक आकडा लिहिलाय. सातपासून चव्वेचाळीसपर्यंत. ते आकडे मी पूर्वी पाहिले होते. मला वाटायचं कॅटलॉगचे नंबर असतील आणि पहिली सहा माळ्यावर कुठेतरी पडली असतील. इतकी वर्षं मी असं समजत होतो, ताई. पहिली सहा कधी नव्हतीच, तो सहाव्या वर्षी गेला.

सात नंबरच्या विमानात कॉकपिटच्या कडेवरून फक्त टोपी आणि दोन डोळे दिसतात. खोक्यातला माणूस कानशीने घासून लहान केलेला आहे. डोकं तुरीच्या डाळीएवढं, आणि त्यावर उजव्या भुवईत पांढरी रेघ आहे. पार्कातल्या घसरगुंडीवर पडून आमच्या अर्णवला तिथे तीन टाके पडले होते.

आठ नंबरात नाक दिसतं. नऊमध्ये समोरचा दात नाही. मग एकेक वर्षाने तो कडेच्या वर येत जातो. सोळाव्या वर्षी ओठावर सावली आहे. अठराव्याला टोपी घातलेली नाही, केस मानेवर आले आहेत, असे केस मी ठेवू दिले नसते. चोविसाव्याला माझ्यासारखा चष्मा. अठ्ठाविसाव्याला मी आधी भिंग पुसलं. कपाळावर दोन दोरे आहेत, पांढऱ्या ठिपक्यांचे, गालांवर लोंबणारे. मुंडावळ्या आहेत त्या. तिने त्याचं लग्न केलं आणि मी खाली बातम्या बघत होतो. एकोणचाळीसपासून कानापाशी पिकू लागलाय.

तुम्हाला ठाऊक आहे की आमच्या घरात त्याचं नाव घेतलं जात नसे. तो गेल्यावर पहिले काही महिने मीच हात वर करून थांबवायचो, आणि मग ती थांबली. मला वाटलं होतं की दोघंही हळूहळू विसरलो. तो इथेच वाढत होता, माझ्या डोक्यावर, दर ९ मार्चला, त्याच्या वाढदिवसाला, एक वर्ष.

एक विमान टेबलावर अर्धवट आहे. खाली पंचेचाळीस लिहिलंय. या मार्चसाठी. आधीच्या सगळ्यांत एकच माणूस बसतो, यात दोघांची जागा आहे, एक पुढे तोंड करून, एक त्याच्या पाठीला पाठ लावून. मागे बाई बसली आहे. पांढरा अंबाडा, चष्मा, गळ्यात राखाडी स्कार्फ. केमोला जाताना बांधायची तोच. तिचं काम पूर्ण आहे. पुढच्या माणसाला चेहरा नाही. नुसता पिवळट रंगाचा पहिला हात दिलाय.

कीथना नाही म्हणून कळवलं. आता कपाटासमोरून जाताना माझी मान आपोआप खाली जाते. पंपाची घरघर थांबली आहे आणि ते थांबणंच जास्त जाणवतं.

ती तुमच्याजवळ माझ्याबद्दल काही बोलली होती का? जे असेल ते लिहा.

शशिकांत

---

स्लाऊ,
२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. (बरोबर लिहिलं ना? लहानपणी तू रेड पेनने चेक करून परत पाठवायचीस, म्हणून अजून भीती वाटते.)

मी टाइप करून स्वानंददादाला ईमेल करणार होते पण मग वाटलं की तुला हातानेच लिहावं. माझा मराठी आता फार गंजलंय, सॉरी.

मावशी, मला बाबांची काळजी वाटते. मी शनिवारी गेले तर ते वरच्या रूममध्ये भिंग घेऊन बसलेले. जेवले नव्हते. फ्रिजमध्ये मी गेल्या वीकेंडला ठेवलेली डाळ तशीच. मी विचारलं काय करताय, तर म्हणाले की ये, तुझ्या भावाला भेट. मी घाबरले. मला वाटलं डिमेन्शिया. मग त्यांनी एकेक दाखवलं आणि मग मला कळलं.

मला भाऊ होता आणि तो मी जन्मायच्या आधी गेला, एवढंच मला माहीत होतं. फोटो एक होता, आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. नाव मी बर्थ सर्टिफिकेट शोधताना वाचलं. पण मला नेहमी कळायचं की कोणीतरी आहे. आई टेबलावर चार प्लेट्स मांडायची आणि एक परत उचलायची. मी शाळेतून आले की ती त्या रूममध्ये, दिवा लावून, पाठ माझ्याकडे. मी दारात उभी राहून शाळेतलं सांगायचे आणि ती हं हं म्हणायची आणि वळायची नाही, कारण ब्रश हलला असता. मी तेव्हा म्हणायचे की आईला मी प्लास्टिकची असते तर जास्त आवडले असते. जोक म्हणून सांगायचे मैत्रिणींना.

मी सगळी अडतीस बघितली. बाबा दमून खाली गेले तरी मी बघत राहिले. मी स्वतःला शोधत होते. छत्तीस वर्षाची बाई, प्रोजेक्ट मॅनेजर, टीममध्ये चौदा लोक, आणि मी भिंग घेऊन प्रत्येक विमानात मी कुठे आहे का बघत होते. मी कुठेच नाही. त्याचा लग्न सुद्धा आहे. माझ्या लग्नाला आई हो म्हणाली आणि मग कॅटररला फोन करायला गेली.

तुला आईने काही सांगितलं असेल तर मला सांग. वाईट असलं तरी चालेल.

राजचा नमस्कार. तुझी,
मालविका

---

बेसिंगस्टोक,
७ फेब्रुवारी २०२५

चि. मालूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

'माझं मराठी', 'त्याचं लग्न'. बाकी पत्राला लाल पेन लावावंसं वाटलं नाही.

तुझा प्रश्न वाचून मी सकाळचा चहा तसाच ठेवला. ऐक. तुझा भाऊ तीस वर्षांचा झाला असता त्या मार्चमध्ये मी चार दिवस तुमच्याकडे होते. तू तेव्हा युनिव्हर्सिटीत. सुमनने मला ते एकच विमान दाखवलं. माझ्याने एका नजरेपेक्षा जास्त बघवलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं की पुढच्या वेळी दोघं बसतील असं विमान घे आणि मागे मालूला बसव, भावाबहिणीची जोडी होईल.

मी माझ्या बहिणीला एवढी संतापलेली आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. तिने ब्रश धुतला, पुसला, ठेवला आणि मला सांगितलं की माझी मुलगी जिवंत आहे, तिला तिथे बसवायचं नाव काढू नकोस. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली की ताई, तिथे बसलेला माणूस मी रंगवला तरच मोठा होतो. मालू माझ्याशिवाय मोठी होते.

तू तिथे नाहीस, कारण तुला तिथे ठेवायची तिला भीती वाटत होती. तुझ्याकडे पाठ होती हे मात्र खरं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. तुला जेवढी आई मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही. शेवटच्या विमानात तिने स्वतःला बसवलं, तेही डॉक्टरांनी आता उपाय नाही असं सांगितल्यावर. तोवर ती स्वतःही तिथे गेली नव्हती.

तिच्या मनाला काय खात होतं तेही तू आता जाणून घे. अर्णवला मेंदूज्वर झाला आणि तिने फ्लू समजून दिवसभर घरी ठेवलं. उशीर झाला. मी तेव्हा पुण्यात होते. दुःखाच्या भरात मी तिला पत्र लिहिलं की आई असून तुला कसं कळलं नाही. तिचं उत्तर आलं, एका ओळीचं. ताई, तुझं खरं आहे. ते वाक्य लिहिल्याबद्दल मी तिची माफी मागायची ती राहूनच गेली.

बाबांना विचार. आता ते बोलतील असं वाटतं. त्यांना वेळेवर जेवायला घाल.

तुझी,
मावशी

---

पिनर,
१३ फेब्रुवारी २०२५

ती. वरदाताईंस,
शि. सा. न. वि. वि.

मालविकाने तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. शेवटच्या परिच्छेदाला मी तिला थांबवायला हवं होतं. नेहमीसारखा गप्प बसलो. ती गेल्यावर चार दिवस हा कागद समोर आहे.

सुमनला कळलं होतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी १९८६. दुपारचे अडीच. मी ऑपरेशन थिएटरमध्ये होतो, पेशंट मी दिलेल्या भुलीखाली. नर्सने फोन माझ्या कानाशी धरला. सुमनने सांगितलं की ताप एकशे तीन आहे, दोनदा उलटी झाली, मान वळवता येत नाही म्हणतो आणि पडदे लाव म्हणून रडतो. ताई, हे चार शब्द ऐकून पहिल्या वर्षाचा मेडिकल विद्यार्थीसुद्धा धावत सुटला असता. मी म्हणालो की फ्लू आहे, सगळीकडे आहे, तापाचं औषध दे आणि अंधारात झोपू दे, मी आठला येतो. आणि वर म्हणालो की एवढ्यातेवढ्यासाठी थिएटरमध्ये फोन करत जाऊ नकोस.

केस लांबली. मी पावणेनऊला पोचलो. त्याच्या पायांवर जांभळे डाग होते. पहाटे तो गेला.

त्याआधी वॉर्डात कन्सल्टंटने विचारलं होतं की इतका उशीर का केला. तो मला ओळखत होता. त्याने प्रश्न आईला विचारला, मला नाही. सुमनने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, दोन श्वासांइतकं. मी बुटांकडे बघत राहिलो. मग ती म्हणाली, मला वाटलं फ्लू आहे. माझेच शब्द.

तो तेवढा वेळ गेल्यावर मला पुन्हा कधी बोलता आलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत एकोणचाळीस वर्षं झाली. तुमचं ते पत्र आलं तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होती आणि मी समोर होतो. तिने ते घडी करून ठेवलं, मला दाखवलं नाही, पण तुमचं अक्षर मी ओळखलं आणि आत काय असेल तेही. तिने उत्तर लिहिलं ते मीच पोस्टात टाकलं.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत तिने मला हॉस्पिटलात एकदाही फोन केला नाही. मालविकाच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा टॅक्सी करून एकटी गेली.

तुम्ही मला वाटेल ते लिहा. काहीच न लिहिलंत तरी मी समजेन. पण माझ्या बायकोला उशीर झाला नव्हता.

शशिकांत

---

बेसिंगस्टोक,
४ मार्च २०२५

शशिकांतराव,

तुमचं पत्र येऊन सतरा दिवस झाले. मी तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही कागद फाडले. स्वानंदने विचारलं की बरं नाही का, तर मी त्याच्यावर ओरडले.

माफीबद्दल मला विचारू नका. ती द्यायचा अधिकार जिला होता तिने तो वापरला की नाही हे तिलाच माहीत. माझ्याकडे ते काम देऊ नका. मला माझंच पुरेसं आहे. तुम्ही एक खोटं गप्प राहून सांगितलंत आणि मी ते उचलून माझ्या बहिणीच्या तोंडावर मारलं. वीस वर्षं मी या देशात आहे, तासाभराच्या अंतरावर, आणि प्रत्येक भेटीत ती मला गरम पोळी वाढत होती.

दोन गोष्टी करायच्या. पहिली, हे सगळं मालूला तुमच्या तोंडाने सांगायचं. माझं पत्र किंवा तुमचं पत्र पुढे करायचं नाही. ९ तारखेच्या आत.

दुसरी, त्या विमानातल्या माणसाला चेहरा द्यायचा. तुमचा हात कापतो हे मला माहीत आहे. माझी बहीण तिथे कुणा बिनचेहऱ्याच्या माणसाला टेकून बसलेली मला चालणार नाही.

इतकंच.

वरदा

---

स्लाऊ,
१० मार्च

ती. मावशीस,
सा. न.

हे पत्र मी ऑफिसला सुट्टी घेऊन लिहिते आहे, म्हणून चुका असल्या तर त्या झोप न झाल्याच्या.

काल सकाळी मी पिनरला गेले. बाबांनी शर्ट इस्त्री करून घातलेला, जसं इंटरव्ह्यूला जातात. मला किचनमध्ये बसवलं आणि उभं राहून सगळं सांगितलं. फोन, नर्स, फ्लू, वॉर्ड. मध्ये एकदा पण थांबले नाहीत आणि एकदा पण स्वतःला वाचवलं नाही. शेवटी म्हणाले की तुझी आई खोटं बोलली ती माझ्यासाठी, आणि तुला अर्धी आई मिळाली ती पण माझ्यामुळे.

मी बाहेर जाऊन गाडीत बसले. इंजिन सुरू केलं. मला खरंच निघून जायचं होतं. शेजारचे आजोबा बिन बाहेर काढत होते, त्यांनी हात केला, मी पण केला. अर्धा तास मी तशीच बसले. मग मला वाटलं की मी आता गेले तर परत यायला मला पण एकोणचाळीस वर्षं लागतील. आमच्या घरात सगळे असंच करतात.

मी वर गेले तर ते आईच्या खुर्चीत होते. सगळ्यात बारीक ब्रश हातात आणि दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलेलं. तरी टोक हलत होतं. विमानाच्या पंखावर एक ब्राउन थेंब पडलेला. ते मला म्हणाले की मी हजारो माणसांना या हातांनी सुई लावली आहे. मी म्हटलं उठा. मी बसले.

मी लहानपणी नेल पॉलिश सोडून काही रंगवलं नाही, तुला माहीत आहे. मी विचारलं, तो कसा दिसायचा? मला वाटलं ते फोटो आणतील. ते नाही गेले. ते माझ्या मागे उभे राहिले आणि बोलायला लागले.

मावशी, बाबा दोन तास बोलले. रंग माझ्यापेक्षा एक शेड सावळा, हिवाळ्यात गाल लाल. डावा कान जरा बाहेर. झोपेत दात खायचा. ट्रेनला ट्रेन न म्हणता नेहमी 'आपली गाडी' म्हणायचा, कुठली पण असली तरी. ससा पाळायचा होता त्याला, बाबा नाही म्हणाले होते. हसताना आधी खाली बघायचा आणि मग हसायचा. मी ते कसं रंगवणार? पण मी त्यांना थांबवलं नाही. मी भुवईतली रेघ काढली, ती बरोबर आली. पंचेचाळीसला बाबांच्या वडिलांना टक्कल होतं म्हणून केस कमी केले. ते म्हणाले थोडे अजून ठेव, बिचाऱ्याला. आणि आम्ही दोघं हसलो, आणि मग बाबांना रडू आलं. मी त्यांना आईच्या फ्यूनरलला पण रडताना बघितलं नाही.

चेहरा नीट नाही झाला. आईने केलेल्या चव्वेचाळीसच्या बाजूला ठेवला तर माझावाला जरा सुजलेला दिसतो. बाबांनी भिंगातून खूप वेळ बघितलं आणि म्हणाले की आहे, अर्णवच आहे. त्यांनी नाव घेतलं. मी त्यांच्या तोंडातून पहिल्यांदा ऐकलं. मग मी विचारलं की मी त्याला काय म्हणाले असते, तर ते म्हणाले, दादा म्हणाली असतीस, आठ वर्षांनी मोठा होता. मी गाडी चालवत घरी येताना एकदा म्हणून बघितलं. कोणी नव्हतं, मागच्या सीटवर माझा जिमचा बॅग होता फक्त. तरी मी आरशात बघितलं.

सेहेचाळीस नंबरचं विमान आणायचं नाही असं आम्ही ठरवलं. बाबा म्हणाले की आता त्याला मोठं करायला कोणी उरलं नाही, त्याला राहू दे जिथे आहे तिथे. मला ते ऐकून बरं पण वाटलं आणि भीती पण वाटली.

एक सांगायचं आहे. मी अजून रागावलेली आहे बाबांवर. शनिवारी डाळ घेऊन जाणार आहे, रागावूनच. तू पण रागावलेली राहा, मला कळतं. पण त्यांना लिही. दारात टपाल पडलं की ते जिन्यावरून धरून धरून उतरतात, आणि गॅसचं बिल असलं तर तसेच परत वर जातात.

तुझी,
मालू

---

बेसिंगस्टोक,
१२ मार्च २०२५

श्री. शशिकांतराव यांस,
स. न. वि. वि.

येत्या रविवारी स्वानंद मला सकाळी अकराला तुमच्या दारात सोडेल. जेवायला साधं करा, मला मसाला चालत नाही.

अर्णवला मी शेवटचा पाहिला तेव्हा तो चार वर्षांचा होता. तुम्ही पुण्याला आला होतात आणि तो माझ्या मांडीवरून उठायला तयार नव्हता. त्यानंतरचं मी काही पाहिलेलं नाही. तीस नंबरचं पाहिलं ते न पाहिल्यासारखंच.

मला सात नंबरापासून बघायचं आहे, ओळीने, एकही न गाळता. माझी नजर आता अधू आहे, म्हणून कोण कसा दिसतो ते तुम्ही सांगायचं. मोठ्याने सांगा, मी यंत्र लावून येईन. एका दिवसात संपणार नाही. स्वानंदला मी सांगितलंय की बुधवारी न्यायला ये.

वरदा